मधली अठरा वर्षं वाचायची राहिली, आता सुरुवात कुठून करू?

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून देतेय:

«ताई नमस्कार. वय ४७, नाशिक, बँकेत नोकरी. लहानपणी मराठी इंद्रजालमधला वेताळ वाचला, मग कॉलेजला मुंबईत असताना माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून स्पायडरमॅन, डेअरडेव्हिल, जस्टिस लीग जे हाताला लागेल ते, नंतर गॉथम कॉमिक्सवाले इथे छापायचे ते. २००७ मध्ये स्पायडरमॅनचं लग्न सैतानाकडे गहाण टाकून मोडलं तेव्हा जे डोकं फिरलं ते वाचणंच सोडलं. आता मुलगी १३ वर्षांची आहे, सिनेमे बघून मला विचारत असते की बाबा हा कोण, तो कोण. म्हणून हौसेनं तीन पुस्तकं मागवली. एक स्पायडरमॅन, ज्यावर ठळक १ लिहिलं होतं, एक एक्स-मेन आणि एक सगळे हीरो एकत्र असलेलं जाडजूड. साडेतीन हजार गेले आणि एकाचंही धड काही कळलं नाही. आता मधली सगळी वर्षं वाचून काढायची म्हटलं तर रिटायरमेंट येईल. मी म्हातारा झालो की कॉमिक्स बिघडली? आणि सुरुवात करायचीच तर कुठून?»

दादा, म्हातारपणाचं आधी उरकून टाकू. हो, थोडे झालात, मीपण झालेय, पण त्याचा या सगळ्याशी संबंध फक्त चष्म्यापुरता आहे, त्याचं शेवटी सांगते.

मला आधी एक सांगा, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तुम्हाला कधी सलग चार अंक मिळाले होते का हो? मला तर नाही मिळाले. माझा मोठा भाऊ रद्दीवाल्याकडून किलोवर आणायचा आणि मी त्याच्या गादीखालून काढून वाचायचे, त्यात कधी चार भागांतला तिसरा भाग, कधी पहिला आणि एकदम चौथा, कधी शेवटचं पान फाटलेलं. एका अंकात शेवटच्या चौकटीत डेअरडेव्हिल छपरावरून खाली पडत होता, पुढचा अंक काही मिळाला नाही, माझ्यापुरता तो अजून पडतोच आहे. पण आपण कधी म्हटलं का की थांबा, आधी मागचे दोनशे अंक आणा, मग वाचतो? एखाद्या संवादाच्या फुग्यात फुली किंवा चांदणी असायची आणि खाली चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हे कसं झालं ते अमुक नंबरच्या अंकात पाहा, तो अंक आपण उभ्या जन्मात बघणार नव्हतो, पण तेवढ्यावरून मनात गोष्ट तयार करून आपण पुढे जायचो. म्हणजे अमेरिकेतला पोरगा दर महिन्याला दुकानात जाऊन ओळीनं वाचत होता आणि आपण कायम मधूनच वाचत आलोय. भोकं असलेली गोष्ट वाचायची सवय तुम्हाला कॉलेजातच झाली होती, तेव्हा ही मधली अठरा वर्षं म्हणजे नुसतं अजून एक मोठं भोक आहे. ते भरायचं नाहीये. हेच माझं मुख्य सांगणं आहे, बाकी सगळं याच्या पोटातलं.

मग तुम्ही म्हणाल की तेव्हा मधूनच घेतलं तरी कळायचं आणि आता का कळत नाही. बरोबर आहे तुमचं, यात तुमच्या डोक्याचा दोष नाहीये, लिहिण्याची पद्धतच बदललीय. जिम शूटर म्हणून मार्व्हलचे, म्हणजे स्पायडरमॅन, एक्स-मेन छापणाऱ्या कंपनीचे, मुख्य संपादक होते १९७८ ते ८७, त्यांचा हट्ट असायचा की प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिलाच असणार असं धरून लिहा. म्हणून तर दर अंकात वुल्व्हरिन आपले पंजे कसले आहेत ते एकदा सांगणार म्हणजे सांगणार, पीटर पार्कर, म्हणजे आपला स्पायडरमॅन, खिडकीतून उडी मारता मारता मनात बोलणार की मेमावशीचं औषध आणायचंय, घरभाडं थकलंय आणि डॉक्टर ऑक्टोपस परवाच जेलमधून सुटलाय. ते ढगासारखे विचारांचे फुगे आठवतात ना? आपण हसायचो त्यांना, पण मधून आलेल्या माणसाला हात धरून आत घेण्याचं काम तेच करायचे. पुढे तिकडे अमेरिकेत पेपरच्या स्टॉलवर, किराणा दुकानात कॉमिक्स मिळणं कमी होत गेलं आणि खास कॉमिक्सच्या दुकानांवर सगळा धंदा आला, तिथे येणारा गिऱ्हाईक नेमाचा, त्याला मागचं सगळं पाठ, मग त्याला परत कशाला सांगा. त्यात २००० नंतर पाच-सहा अंकांची गोष्ट लिहायची आणि मग तिचं एक पुस्तक बांधून विकायचं ही रीत पडली. म्हणजे आता तुम्ही एक अंक घेता तेव्हा २० पानांत पुष्कळदा गोष्टीचा सहावा हिस्साच हातात येतो. पूर्वी जेवढं एका अंकात घडायचं तेवढं आता दोन-तीन अंकांत घडतं. पूर्ण थाळी मागवली आणि नुसती कोशिंबीर आली असं वाटणारच.

तुमच्या तीन पुस्तकांचं बघू. पहिलं, ठळक १ लिहिलेला स्पायडरमॅन. इथे जवळपास सगळेच फसतात. अमेझिंग स्पायडरमॅनचा नंबर एक १९६३ साली आला आणि त्यानंतर १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ मध्ये परत परत एक नंबरपासून मोजायला सुरुवात केलीय, का तर एक नंबर जास्त खपतो म्हणून. गोष्ट मात्र तीच पुढे चालू असते. म्हणजे पाटी नवीन आणि दुकान जुनं. तर पुस्तक घेताना कव्हरवरचा आकडा बघूच नका, मागच्या बाजूला किंवा आतल्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यात कुठल्या सालच्या मालिकेचे कितवे ते कितवे अंक आहेत, ते साल बघा आणि लेखक कोण ते बघा. दुसरं, एक्स-मेन. २०१९ ते २०२४ एक्स-मेनवाल्यांनी क्राकोआ नावाच्या बेटावर स्वतःचा देशच काढला होता, त्याची सुरुवात करणारं हाऊस ऑफ एक्स आणि पॉवर्स ऑफ एक्स हे जोडपुस्तक आहे, ते भारी आहे, पण त्याच्या मधलाच एखादा खंड उचलला असेल तर देव सुद्धा मदत करू शकत नाही. आणि तिसरं ते सगळ्यांचं मिळून जाडजूड, त्याला इव्हेंट म्हणतात, त्याचे अर्धे धागे इतर वीस मालिकांमध्ये पसरलेले असतात. लग्नाला गेलात आणि मांडवात कुणीच ओळखीचं नाही, त्यातली गत. सरळ नियम करा, कव्हरवर दहापेक्षा जास्त हीरो एकदम धावत येताना दिसले की पुस्तक खाली ठेवा. (मी हा नियम दोनदा मोडलाय आणि दोन्ही वेळा पस्तावलेय.)

आता कुठून सुरू करायचं. तुम्ही डेअरडेव्हिल वाचायचात म्हणून माझं पहिलं बोट मार्क वेडच्या डेअरडेव्हिलवर, २०११ साली सुरू झालेली मालिका, पाओलो रिव्हेरा आणि मार्कोस मार्टिन आणि पुढे ख्रिस सॅम्नीची चित्रं. जुना लेखक फ्रँक मिलर, त्याच्यापासून पुढे तीस वर्षं ज्यानं त्यानं मॅट मरडॉकला, म्हणजे मुखवट्याखालच्या आंधळ्या डेअरडेव्हिलला, रडवायचं कंत्राटच घेतलं होतं, प्रेयसी मेली, नोकरी गेली, जेलमध्ये गेला, बायकोला वेड लागलं. वेडनं काय केलं तर मॅटला सकाळी उठून ठरवू दिलं की बास झालं, आता मी आनंदात राहणार. आणि मग तो खरंच छपरांवरून हसत हसत उड्या मारायला लागतो, आणि त्याला न दिसणारं जग त्याला कसं जाणवतं ते रिव्हेरानं गुलाबी-काळ्या रेघांच्या लाटांमध्ये असं काढलंय की बघत बसावं.

त्यातला सातवा अंक तर आख्खी गोष्ट, मागचंपुढचं काही माहीत नसलं तरी चालतं. नाताळचे दिवस, अख्ख्या शहराला संशय की हा आंधळा वकीलच डेअरडेव्हिल आहे, तर पठ्ठ्या ऑफिसच्या पार्टीला छातीवर मी डेअरडेव्हिल नाही असं लिहिलेला स्वेटर घालून येतो. मग अंध मुलांच्या शाळेच्या पोरांना घेऊन सहलीला निघतो आणि बर्फात बसला अपघात, ड्रायव्हर जातो, आणि सगळीकडे बर्फच बर्फ असल्यामुळे आजूबाजूचं सगळं न बघता टिपणारं मॅटचं ते रडार काही कामच करत नाही. म्हणजे नेहमी सगळ्यांच्या दोन पावलं पुढे असणारा हा माणूस त्या दिवशी खरोखर त्या पोरांइतकाच आंधळा. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण मी ते स्वैपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि दूध उतू गेलं. २०१२ चा उत्तम सुटा अंक म्हणून त्याला आयझनर, म्हणजे अमेरिकन कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला, हे मला नंतर कळलं. दोन मालिका मिळून पन्नासच्या वर अंक आहेत आणि २०१५ मध्ये व्यवस्थित संपतं. संपतं हे महत्त्वाचं.

वेडचं नाव लक्षात ठेवा, नव्वदच्या दशकात फ्लॅश लिहायचा तोच हा, आणि ॲलेक्स रॉसबरोबर किंगडम कम लिहिणाराही तोच. २०२२ पासून त्यानं डॅन मोरा या चित्रकाराबरोबर बॅटमॅन/सुपरमॅन: वर्ल्ड्स फायनेस्ट केलंय, ते मुद्दाम काही वर्षं मागच्या काळात ठेवलंय, बॅटमॅनचा पहिला साथीदार डिक ग्रेसन अजून रॉबिनच आहे, त्यामुळे आत्ता डीसीमध्ये, म्हणजे या दोघांच्या कंपनीत, काय गोंधळ चाललाय त्याच्याशी काही देणंघेणं नाही. बॅटमॅन आणि सुपरमॅन एकमेकांचे दोस्त आहेत, एकमेकांची थट्टा करतात, हे बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू, मधल्या काळात हे दोघं भेटले की मारामारीच करायचे. आणि मोरा काय चित्रं काढतो, एकेका पानावर इतका ऐवज की पूर्वीसारखं पोट भरतं.

यातून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, आपण तेव्हा हीरो बघून घ्यायचो, कारण ढिगात हात घालून मिळेल ते उचलायचो, निवड कुठे होती. आता लेखक आणि चित्रकार बघून घ्यायचं. आपण गाण्याची कॅसेट घेताना हीरोचं तोंड न बघता संगीतकार कोण ते बघायचो ना, तसं.

बरं, आता तुमची जखम. स्पायडरमॅनचं लग्न. १९८७ साली पीटर आणि मेरी जेनचं लग्न लागलं आणि बरोबर वीस वर्षांनी मेमावशीचा जीव वाचवायला दोघांनी मेफिस्टोला, म्हणजे त्या सैतानाला, आपला संसार देऊन टाकला, म्हणजे घटस्फोट पण नाही, लग्न झालंच नव्हतं असं. तुम्ही एकटे नाही हो, माझ्या भावानं त्या दिवशी फोन करून मला अर्धा तास शिव्या ऐकवल्या होत्या, जसं काय मीच लिहिलंय. आणि मूळ मालिकेत ते अजून नीट केलेलं नाही, अधूनमधून गाजर दाखवतात. म्हणून मूळ मालिकेकडे तुम्ही जाऊच नका, त्याच्या बाजूनं दोन वाटा आहेत.

एक, स्पायडरमॅन: लाइफ स्टोरी, २०१९, फक्त सहा अंक, एका पुस्तकात सगळं. लेखक चिप झ्डार्स्की, आणि चित्रकार मार्क बॅगली, म्हणजे १९९१ पासून आपण ज्याच्या हातचा स्पायडरमॅन बघत मोठे झालो तोच, त्यामुळे पहिल्याच पानावर आपल्या जुन्या वाड्यात शिरल्यासारखं होतं. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटतं. पीटरला १९६२ साली १५ व्या वर्षी कोळी चावला ना, मग त्याचं वय खरोखर वाढू दे. एका अंकात एक दशक. साठच्या दशकात पीटरचा शाळेपासूनचा सोबती फ्लॅश थॉम्पसन व्हिएतनामच्या युद्धावर निघालाय आणि पीटरला प्रश्न पडतो की माझ्या अंगात एवढी ताकद असताना मी इथे भिंतींवर चढत काय करतोय. मग सत्तर, ऐंशी, आपल्याला ओळखीच्या गोष्टी एकेक करून येतात, क्लोनवाली, म्हणजे पीटरच्या हुबेहूब नकलेची भानगड सुद्धा येते, जी नव्वदमध्ये आपल्याला वर्षानुवर्षं छळत होती आणि इथे काही पानांत उलगडते. त्याचे केस पिकतात, गुडघे दुखतात, घरच्यांशी वाजतं. तुमच्यासारख्यानं वाचायला याच्याइतकं योग्य पुस्तक नाही, कारण मागचं सगळं माहीत असणं इथे उपयोगी पडतं आणि मधलं काही माहीत नसलं तरी काही अडत नाही.

दुसरी वाट, जोनाथन हिकमननं जानेवारी २०२४ मध्ये सुरू केलेला अल्टिमेट स्पायडरमॅन, चित्रं मार्को केकेट्टोची. हे वेगळंच विश्व आहे, इथे कुणी तरी मुद्दाम पीटरला तो कोळी चावूच दिला नाही. पीटर पस्तिशीचा, दाढी ठेवलेला, मेरी जेनशी लग्न झालेलं, दोन पोरं, आणि इतकं सगळं चांगलं असून आपलं काहीतरी राहून गेलंय असं त्याला सारखं वाटतंय. मग या वयात त्याला शक्ती मिळते. मूळ गोष्टीत सुरुवातीलाच मरणारा बेनकाका इथे जिवंत आहे आणि पेपरवाल्या जोना जेमसनचा दोस्त आहे, ते दोघं मिळून पेपर काढतात, त्यांचे संवाद ऐकण्यासारखे आहेत. यातही मध्येमध्ये मोठं राजकारण येतं ते मला कंटाळवाणं वाटलं, ती पानं मी भराभर उलटते. पण संसारी स्पायडरमॅन तुम्हाला हवा होता ना, घ्या. (आधी २००० साली पण एक अल्टिमेट स्पायडरमॅन आला होता, ब्रायन मायकेल बेंडिस आणि आपला बॅगली, तो शाळकरी पोराचा, तो वेगळा. मागवताना साल बघा, नाहीतर परत मला पत्र लिहाल.)

हॉकआय. तुम्ही तोंड वाकडं कराल, ॲव्हेंजर्समधला तो धनुष्यवाला, त्याचं काय वाचायचं. मी पण केलं होतं. २०१२ ते २०१५, मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा, २२ अंक. ॲव्हेंजर्सच्या कामावरून सुट्टी असते तेव्हा हा माणूस काय करतो, एवढंच. ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, ती बिल्डिंग म्हणजे आपली चाळच हो, गच्चीवर सगळे भाडेकरू एकत्र जमून जेवण करतात, आणि गुंड मालक भाडेकरूंना बाहेर काढायला निघतो तेव्हा हा बिल्डिंगच विकत घेऊन टाकतो आणि मग ते गुंड याच्या मागे. सारखा मार खातो, अंगभर पट्ट्या, कॉफी थेट भांड्यातून पितो. अकरावा अंक पूर्ण त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, माणसांचं बोलणं कुत्र्याला जेवढं कळतं तेवढेच शब्द, बाकी सगळं वास आणि खुणांच्या छोट्या छोट्या चित्रांतून, आणि त्यात एका खुनाचा तपास. एकोणिसाव्या अंकात त्याला ऐकू येत नाहीसं होतं तर अर्धे संवाद हातांच्या खुणांमध्ये काढलेत, खाली अर्थ देत नाहीत, आपणच ताडायचं. कॉमिक्समध्येच होऊ शकेल अशी गोष्ट आहे ही, सिनेमावाल्यांना नाही जमणार. दोन-तीन ठिकाणी गोष्ट मागेपुढे उड्या मारते तेव्हा वैतागू नका.

हल्क आवडत असेल तर इमॉर्टल हल्क, २०१८ ते २१, अल यूइंगनं लिहिलेले ५० अंक. १९६२ च्या अगदी सुरुवातीच्या अंकांत हल्क फक्त रात्र पडली की बाहेर यायचा, तुम्हाला आठवत असेल, यूइंगनं ती विसरलेली गोष्ट उचलली आणि त्याची भुताची कथा केली. दिवसा ब्रूस बॅनर मरतो, रात्री हल्क उठतो. पहिले काही अंक तर वेगवेगळ्या गावांतल्या वेगवेगळ्या गोष्टी, नारायण धारपांची सवय असलेल्या मराठी माणसाला एकदम घरचं वाटेल. पुढे पुढे फार किळसवाणं होतं, मुलीच्या हाती देऊ नका, जेवताना तुम्हीही वाचू नका.

फँटास्टिक फोर पण एक ओळीत सांगून टाकते, २०२२ पासून रायन नॉर्थ लिहितोय, बहुतेक अंकांत एक विज्ञानाची गंमत आणि अंकातच गोष्ट खलास, अगदी जुन्या पद्धतीनं.

हे सगळं मार्व्हल-डीसीचं झालं, पण तुमच्यासारख्या परत आलेल्या माणसाला मी एक बाहेरचं पण सांगते, ॲस्ट्रो सिटी. कर्ट ब्युसिकनं १९९५ मध्ये सुरू केलं, चित्रं ब्रेंट अँडरसन, कव्हर ॲलेक्स रॉस. आपल्याकडे फुटपाथवर हे कधी दिसायचं नाही, निदान मला नाही दिसलं. इथले हीरो सगळे नवे, तरी ओळखीचे वाटतात. पहिल्याच गोष्टीत सुपरमॅनसारखा एक जण आहे, समॅरिटन, तो दिवसभर इकडून तिकडे उडत लोकांना वाचवतोय आणि मनात आज हवेत एकूण किती सेकंद उडायला मिळालं त्याचा हिशोब करतोय, कारण उडण्याची मजा घ्यायला त्याला वेळच नाही. रोज नाशिक-मुंबई अपडाऊन केलेल्या माणसाला हे कळेल. मागचं काही माहीत असायची गरज शून्य, मधली कुठलीही गोष्ट उचला.

टॉम किंग या लेखकाबद्दल लोक तुम्हाला सांगतील, व्हिजन वाचा, मिस्टर मिरॅकल वाचा. दोन्ही प्रत्येकी १२ अंकांची, दोन्ही उत्तम, व्हिजन तर यंत्रमानवांचं कुटुंब व्हर्जिनियातल्या एका सोसायटीवजा वस्तीत राहायला येतं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं साधं जगायचा प्रयत्न करतं आणि त्याची कशी माती होते त्याची गोष्ट आहे. पण आधी हे नका घेऊ. वीस वर्षांनी माहेरी आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच घरातले वाद सांगत नाहीत, आधी जेवू घालतात. दिवाळीनंतर वाचा. आणि ॲब्सोल्यूट बॅटमॅन म्हणून २०२४ पासून जे गाजतंय, त्यात ब्रूस वेन श्रीमंत नाही, आई जिवंत आहे, आणि छातीवरच्या वटवाघळाची कुऱ्हाड होते, ते तरुण पोरांना फार आवडतंय, मला त्यातली मारामारी जरा जास्त होते, पण कोऱ्या पाटीवरून सुरू आहे त्यामुळे कळायला काही अडचण नाही, चाळून बघा.

मुलीसाठी आधी सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन. जीन लुएन यँगनं लिहिलंय, गुरिहिरु या जपानी जोडीची चित्रं, १९४६ साली अमेरिकेत रेडिओवर सुपरमॅनची जी श्रुतिका लागायची त्यात कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे गोऱ्यांच्या वर्णद्वेषी टोळीचा, समाचार घेणारी एक गोष्ट होती, तिच्यावरून. मेट्रोपोलिसमध्ये नव्यानं राहायला आलेलं चिनी कुटुंब, त्यातली रॉबर्टा साधारण तुमच्या मुलीच्याच वयाची, लाजरीबुजरी. आणि सुपरमॅन यात अजून उडत नाही, तारांवरून पळतो, उड्या मारतो, स्वतः परका आहे हे लपवून ठेवताना आपली अर्धी ताकद पण लपवून बसलाय. एकच पुस्तक, संपलं की संपलं. तुम्ही दोघं वेगवेगळं वाचा आणि मग बोला. त्यानंतर २०१४ ची मिस मार्व्हल, जी. विलो विल्सनची, जर्सी सिटीतली कमला खान, घरी आईवडिलांचं पाकिस्तानी वळण आणि ही रात्र रात्र जागून ॲव्हेंजर्सवर गोष्टी लिहिणारी. घरातून गुपचूप पार्टीला जाणं आणि परत आल्यावर आईचं बोलणं हे असं लिहिलंय की सदाशिव पेठेत घडलं म्हणून खपेल. इन्व्हिन्सिबल मात्र तिनं मागितलं तरी थांबा, १४४ अंकांची आख्खी सुरू होऊन संपलेली सुपरहीरो कादंबरीच आहे ती आणि तुम्ही स्वतः जरूर वाचा, पण रक्त फार आहे.

आता पैशाचं. एकदम तीन पुस्तकं मागवू नका, एक मागवा. मागवण्याआधी किंडलवर त्याची फुकट मिळणारी सुरुवातीची पानं वाचा. पहिल्या दहा पानांत कोण माणूस आहे, त्याला काय हवंय आणि कोण आड येतंय एवढं कळलं नाही तर सोडून द्या, लेखकाला तुमची गरज नाही म्हणून समजा. मार्व्हलचं मार्व्हल अनलिमिटेड नावाचं ॲप आहे, महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी, त्यात तीस हजारांहून जास्त अंक आहेत, नवे अंक दुकानात आल्यावर तीनेक महिन्यांनी त्यात येतात. वरचं मार्व्हलचं सगळं तिथे वाचता येईल, म्हणजे साडेतीन हजार कागदावर घालवण्याआधी तिथे चाखून बघा. धोका एकच, तिथे सगळंच आहे त्यामुळे तुमच्यातला बँकवाला जागा होईल आणि २००७ पासून एकेक नोंदीचा ताळा जमवायला बसेल. नका बसू. मी माझा तो पडणारा डेअरडेव्हिल सुद्धा अजून शोधलेला नाही.

आणि चष्मा. २०२४ पासून डीसीनं काँपॅक्ट नावानं लहान आकाराची स्वस्त पुस्तकं काढलीत, साडेपाच बाय साडेआठ इंच, किंमत बघून मोह होतो, मी पण दोन घेतली. त्यातली अक्षरं वाचायला मला नाकावर चष्मा आणि वर दिवा असं दोन्ही लागलं. मुलीला चालतील. आपण मोठ्या आकाराचं घ्यावं किंवा टॅबवर एकेक चौकट मोठी करून वाचावं, फोनवर तर अजिबात नको, डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं कॉमिकच वाईट आहे. ऑनलाइन मागवलेलं पुस्तक कोपरे दुमडून आलं तर त्याच दिवशी फोटो काढून परत करा, मी एकदा चार दिवस थांबले आणि त्यांनी हात वर केले.

पहिलं कुठलं घेऊ असं परत विचारू नका, लाइफ स्टोरी घ्या.

जाता जाता, माळ्यावर जुना खोका असेलच तुमचा, तुमच्यासारखी माणसं टाकत नाहीत. पावसाळ्याआधी खाली काढा, कसर लागते त्या कागदाला, उन्हात नका ठेवू, नुसता पंख्याखाली एक दिवस पसरून ठेवा आणि मुलीला बाजूला बसू द्या. त्यात मराठी इंद्रजाल निघाले तर मला जरूर कळवा, विकत मागत नाहीये, वाचून परत देईन, आमच्याकडचे सगळे भावाच्या लग्नाच्या साफसफाईत गेले.